थरथर पचवणारा क्रम

रेडिओच्या आवाजाचा जुना नॉब दोन्ही टोकांना जाऊन अडतो. त्याच्या आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध असतो आणि नॉब नेमका कुठे आहे हे व्होल्टेजवरून कळतं. थ्रीडी प्रिंटरच्या पडद्याशेजारचा नॉब मात्र कितीही फिरवा, अडत नाही. तो रोटरी एन्कोडर. आपण कुठे आहोत याचा त्याला पत्ता नसतो. किती सरकलो आणि कुठल्या बाजूला, एवढंच तो सांगतो.

आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या हौशी मंडळींकडे सर्रास दिसणारा एन्कोडर एका फेरीत २० वेळा ‘टक्’ करतो, म्हणजे दर १८ अंशांना एक खाच. आत दोन स्विच असतात, ‘ए’ आणि ‘बी’. दोन्ही उघडझाप करतात, पण पाव आवर्तनाच्या फरकाने. एका दिशेला फिरवलं तर ‘ए’ आधी बदलतो, उलट फिरवलं तर ‘बी’. दिशा ओळखायची ती यावरूनच.

प्रोग्रॅम सोपा वाटतो: ‘ए’चा सिग्नल खाली आला की ‘बी’ पाहायचा आणि आकडा एकने वाढवायचा किंवा घटवायचा. प्रत्यक्षात एका ‘टक्’ला आकडा तीन-चारनेही उडी मारतो. धातूचे संपर्क एकमेकांना भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात. बोटांना ते जाणवत नाही; पण आर्डुइनो ऊनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. त्याला प्रत्येक थरथर म्हणजे नवी खाच वाटते.

०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा गोंगाट कमी होतो. पण खरा उपाय स्विचांच्या क्रमातच दडला आहे (पहिला अंक ‘ए’चा, दुसरा ‘बी’चा): ११, ०१, ००, १० आणि पुन्हा ११. दर पायरीला एकच अंक बदलतो. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांनी अशा संकेताच्या पेटंटसाठी १९४७ मध्ये अर्ज केला, ते १९५३ मध्ये मिळालं. म्हणून हा ‘ग्रे कोड’. ‘ए’ थरथरतो तेव्हा ‘बी’ स्थिर असतो. त्यामुळे वाचन ११ आणि ०१ यांच्यातच हेलकावतं: एक पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे. बेरीज एकच.

म्हणून आधीची आणि आताची स्थिती ताडून पाहायची. त्यासाठी शक्यतांचा तक्ता करायचा. शक्यता १६: चार पुढच्या, चार मागच्या, चार जागच्या जागी, आणि चार अशा की दोन्ही अंक एकदम बदललेले दिसतात. या शेवटच्या चार मोजायच्या नाहीत. तिथे मधली पायरी वाचायची राहून गेलेली असते. चार पायऱ्या झाल्या की एक खाच. जरा थांबून वाचण्याची नेहमीची युक्ती नॉब भरभर फिरवला की खाचा गाळते. या तक्त्याला थांबावंच लागत नाही.