फवारणीपूर्वी पिकाचे मित्र ओळखा

कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत धरणे झाल्यापासून जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील शेतीचे स्वरूप पालटले आहे. नारायणगावच्या परिसरात टोमॅटो, जुन्नरकडे द्राक्षे, मंचरच्या बाजूस कांदा व बटाटा आणि दोन्ही तालुक्यांत ऊस ही नगदी पिके घेतली जातात. या पिकांत भांडवल पुष्कळ गुंतलेले असते. म्हणून कीड दिसताच शेतकऱ्याचा हात फवारणीच्या पंपाकडे वळतो, हे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक कीटकनाशके शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाहीत. किडीवर उपजीविका करणारे किडे तिच्या मागून काही दिवसांनी शेतात येतात. नेमक्या त्याच वेळी फवारा बसला तर मित्र मरतात, आणि वाचलेली कीड निर्वेधपणे पुन्हा वाढते. मग दुसरी, तिसरी फवारणी करावी लागते व खर्च वाढत जातो.

लोकरी माव्याचा धडा

2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा आढळला आणि पाहता पाहता तो राज्याच्या ऊस पट्ट्यात पसरला. तो पानांच्या मागील बाजूस राहून रस शोषतो. त्याच्या अंगातून पडणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी दिसतात. उंच वाढलेल्या उसात शिरून पानांच्या खालून फवारणी करणे अतिशय अवघड होते. अशा वेळी डिफा नावाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा किडा उपयोगी पडले. डिफाची अळी माव्याच्या थरातच जाळे करून राहते आणि मावा खाते. ज्या शेतात हे मित्र वाढले होते, तेथील अळ्या व कोष असलेली पाने कापून दुसऱ्या शेतातील उसाला बांधण्यात आली. हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस आहे. ज्या शेतात हे मित्र कामास लागले आहेत, तेथे फवारणी करू नये.

टोमॅटोतील उपाय

टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिचा बंदोबस्त अंड्यातच करावा. ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून अळीऐवजी 8 ते 10 दिवसांत नवी गांधीलमाशी बाहेर पडते. ही अंडी कागदाच्या पट्टीवर चिकटवलेली मिळतात. तीस ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर साधारणपणे 20,000 अंडी असतात. पीक फुलावर येताच एकरी 2 कार्डे, दर आठवड्यास एकदा, याप्रमाणे 4 ते 5 वेळा लावावीत. कार्डाचे तुकडे करून ते सायंकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचावेत. कार्डे लावण्याच्या आगेमागे आठवडाभर कीटकनाशक मारू नये.

टोमॅटोच्या दर 16 ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावल्यास फळ पोखरणाऱ्या किडीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो. मात्र टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे असताना झेंडूचे 40 दिवसांचे असावे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलतात.

द्राक्षे व हुमणी

द्राक्षावरील पिठ्या ढेकणाचा शत्रू असलेला क्रिप्टोलीमस भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट तंतू असतात. त्यामुळे ती पिठ्या ढेकूणच आहे असे समजून पुष्कळ जण तिला चिरडतात. हलवून पाहावे: अळी चपळाईने चालते, ढेकूण मंद असतो.

सूत्रकृमी म्हटले की मुळांवर गाठी आणणारी कीड आठवते. परंतु काही सूत्रकृमी पिकाला मुळीच उपद्रव न देता जमिनीतील हुमणीच्या शरीरात शिरतात. त्यांच्यासोबत असलेल्या जिवाणूंमुळे हुमणी 2 ते 3 दिवसांत मरते. ऊन व कोरडी माती त्यांना मारक असते. म्हणून ते सायंकाळी, ओल असलेल्या जमिनीतच द्यावेत.

पाहणीची पद्धत

आठवड्यातून दोनदा सकाळी शेतात आडवे चालत जाऊन 20 झाडांची पाने उलटून पाहावीत. केसासारख्या बारीक दांड्यावर उभे असलेले पांढरे अंडे हे क्रायसोपाचे असते. माव्यात फिरणारी, काळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी ही ढालकिड्याची होय. हे मित्र भरपूर दिसत असतील व कीड थोडी असेल, तर काही दिवस थांबून पुन्हा पाहणी करावी. कीड वाढतच असेल व मित्र नसतील, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य ते औषध वापरावे. मित्रकीटकांच्या उपलब्धतेविषयी तालुका कृषी कार्यालयात अथवा नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत केवळ भाषण न करता या अळ्या काचेच्या बाटलीत घालून शेतकऱ्यांसमोर ठेवाव्यात. एकदा डोळ्यांनी पाहिलेला मित्र शेतकरी सहसा विसरत नाही, आणि ओळखीच्या मित्रावर फवारा मारण्यापूर्वी तो नक्कीच विचार करतो.