नरक्याचें औषध

पाटणजवळच्या कोयनेच्या रानांत आढळणारा नरक्या दुर्गंधामुळें बदनाम झाला आहे. पण त्याच वृक्षांत कॅम्प्टोथेसिन हें कर्करोगाशीं झुंजणारें द्रव्य असतें.

पेशींतील डीएनएच्या दुपेडी दोराची नक्कल होतांना त्यास जादा पीळ बसतो. टोपोआयसोमरेज नांवाचें विकर एक पेड कापून पीळ सोडवितें व पेड पुन्हां सांधतें. हें द्रव्य ती क्षणिक फट नेमकी ओळखतें आणि पाचरीसारखें तींत बसतें. सांधा जुळत नाहीं; नक्कल करणारी यंत्रणा तेथें आदळते, दोर तुटतो आणि झपाट्यानें दुणावणारी कर्कपेशी मरते.

याच द्रव्यापासून बनविलेलीं टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. मात्र द्रव्याच्या लोभानें सह्याद्रींत नरक्याची बेसुमार तोड झाली. औषध हवें असेल, तर आधीं झाड राखलें पाहिजे.