अंगात त्राण नाही, झोप नाही, भूक नाही: नैराश्य रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतं का?

नांदेड-लातूरकडे दवाखान्यात आलेला माणूस 'मला नैराश्य आलंय' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, जेवण जात नाही.' मग रक्त तपासलं जातं. रिपोर्टमध्ये 'सीआरपी' वाढलेलं निघालं, तर त्याचा मनाशी काही संबंध असू शकतो का?

सीआरपी म्हणजे काय?

सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. संसर्ग किंवा इजा झाली की प्रतिकारशक्ती कामाला लागते. याला दाह म्हणतात. त्या वेळी आयएल-६ सारखी रसायनं रक्तात येतात आणि यकृत जास्त सीआरपी तयार करतं.

मग मनाचा संबंध कुठे आला?

ताप आल्यावर काय होतं ते आठवा. पडून राहावंसं वाटतं, जेवण नको, कुणाशी बोलणं नको. कारण दाहाचे संदेश मेंदूपर्यंतही पोहोचतात. हेपेटायटिस सी साठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉन-अल्फा या औषधाने दाह वाढायचा आणि अनेक रुग्णांना नैराश्य यायचं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १५ हजार प्रौढांची माहिती तपासली गेली. नैराश्याच्या सगळ्या लक्षणांपैकी वाढलेल्या सीआरपीचं नातं प्रामुख्याने थकवा, झोप आणि भूक या शारीरिक तक्रारींशी दिसलं.

म्हणजे ही नैराश्याची टेस्ट आहे?

नाही. २०१९ च्या एका आढाव्यानुसार नैराश्याच्या साधारण २७ टक्के रुग्णांमध्येच सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर होतं. बाकीच्यांचं नव्हतं, तरी त्यांना नैराश्य होतंच. उलट डेंग्यू, टीबी, लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचा आजार यांनीही सीआरपी वाढतं. त्यामुळे रिपोर्ट बघून मनानेच सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊ नका. २०१३ मध्ये ६० रुग्णांवर दाह कमी करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबचा प्रयोग झाला. एकूण गटाला फायदा दिसला नाही. फक्त सुरुवातीपासून सीआरपी जास्त असलेल्यांमध्ये सुधारणेची चिन्हं होती.

मग करायचं काय?

थकव्याचं कारण रक्ताची कमतरता किंवा थायरॉईडही असू शकतं. ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'तुला काही झालेलं नाही' असं घरच्या माणसाला ऐकवू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल आणि सोबत थकवा, झोप, भुकेच्या तक्रारी असतील, तर डॉक्टरांना मनाबद्दलही सांगा. नैराश्याचं निदान बोलण्यातून होतं.

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचार विभागाची चौकशी करता येते. तिथवर जाणं जमत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. जीव नकोसा वाटत असेल, तर वाट न बघता लगेच फोन करा.