नोकरी बदलताना प्रमाणपत्र कोणाचे?

चंदिगडच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कसारख्या ठिकाणी नोकरी बदलू पाहणाऱ्या नेटवर्क अभियंत्यापुढे हा प्रश्न उभा राहतो. सिस्कोचे ‘सीसीआयई’ प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे असते व ३ वर्षे वैध राहते. मात्र, सिस्कोचा भागीदार हा दर्जा टिकवण्यासाठी कंपनीला प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. अभियंता गेल्यास त्यांची संख्या घटते. म्हणूनच प्रशिक्षणाचा खर्च करणाऱ्या काही कंपन्या बंधपत्र लिहून घेतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार, नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र काम करण्यास मनाई करणारी अट सामान्यतः निरर्थक ठरते. तथापि, किमान सेवाकाळ आणि २ लाख रुपये भरपाईची अट सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली. त्यामुळे प्रमाणपत्र आपले असले, तरी राजीनाम्यापूर्वी बंधपत्र वाचणे हिताचे ठरते.