पहिलं तिकीट फाडण्याआधी

चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि लेकरांना देवदर्शनापेक्षा ओढ असते ती आकाशपाळण्याची. तो पाळणा रोज कोण तपासतं आणि काय तपासतं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

शहरातल्या बागेतला पाळणा पक्क्या काँक्रीटवर कायमचा उभा असतो. यात्रेतला पाळणा ट्रकमधून सुट्या भागांनी येतो, उभा राहतो, यात्रा संपली की उतरतो आणि पुढच्या गावात पुन्हा जोडला जातो. म्हणजे आपल्या गावात तो नव्यानंच बांधलेला असतो. "मागच्या गावात चांगला चालला" या बोलण्याला आमच्या लेखी काही किंमत नाही. परवानगीचा कागद एका दिवसाच्या पाहणीवर मिळतो. नटबोल्ट मात्र रोज हादरे खातात. म्हणून तपासणी रोज सकाळी, पहिलं तिकीट फाडण्याआधी व्हायला हवी.

सुरुवात पायापासून. पाळण्याखाली लाकडी ठोकळे असतात. रात्री वळवाचा पाऊस झाला तर माती भिजते, एका बाजूचा ठोकळा खचतो आणि सगळा सांगाडा कलतो. पावसानंतर ठोकळे पुन्हा पाहिल्याशिवाय पाळणा चालूच करू नये. मग येतात नटबोल्ट आणि पिना. बैलगाडीच्या चाकाची खीळ निसटली तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. इथं तशा कितीतरी खिळा असतात. पान्यानं प्रत्येक नट आवळून बघायचा, पिनेच्या जागी तारेचा तुकडा अडकवलेला नाही ना ते बघायचं. वेल्डिंगच्या सांध्याला केसाएवढी भेग असली तरी ती रंगाखाली लपते, म्हणून गंजाची रेघ दिसली की थांबायचं. बसायच्या डब्याचं दार, त्याची कडी, पुढचा दांडा हातानं ओढून पाहायचा. जनरेटरच्या वायरी, अर्थिंग, ब्रेक. शेवटी पाळणा रिकामा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. पिठाच्या गिरणीचा आवाज बदलला की आपल्याला लगेच कळतं ना? तसंच.

हे उगाच घाबरवण्यासाठी नाही. १४ जुलै २०१९ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या बागेत लंबकासारखा झोके घेणारा पाळणा माणसांसकट तुटून खाली आला. दोघांचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. तो तर एकाच जागी उभा असलेला पाळणा होता.

माणसं बसवण्यातही तपासणी आहे. एकाच बाजूचे डबे भरले तर पाळणा तिकडे ओढतो. म्हणून समोरासमोरचे डबे भरत जातात. घाईत हे मोडणारा माणूस दिसला तर त्या फेरीत बसू नका. मोकळे केस, ओढणी, पदर आधी नीट खोचून घ्या. गरोदर बाईनं, कंबरेचं किंवा छातीचं दुखणं असणाऱ्यांनी खालीच थांबावं. कडेवरच्या बाळाला तर नेऊच नये.

आता आपल्या हातातलं. पाळण्याला जागा देताना यात्रा कमिटी आणि ग्रामपंचायत पैसे घेते. त्याच वेळी बचत गटानं एक अट घालायला लावावी: रोजच्या तपासणीची वही ठेवा, तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची सही असू द्या. आपण बैठकीची वही ठेवतोच की. आठवड्याच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर आपल्याला ओळखू येतात! यात्रा भरल्यावर रोज सकाळी दोघींनी जाऊन वही बघावी. पाळणेवाल्याशी भांडायला नव्हे, त्याचाही संसार त्याच पाळण्यावर चालतो. "दादा, आज रिकामा फिरवला का?" एवढं विचारलं तरी चालेल.

आणि फिरता फिरता पाळणा मध्येच अडकला तर वरून उतरायची धडपड करू नका, मुलांना घट्ट धरून जागेवर बसा. खालच्यांनी वीज बंद करायला सांगावं आणि ११२ नंबर लावावा.