महामंडळाचे काम काय असते हो?

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून माझ्या जुन्या शाखेतला एक खातेदार बोलत होता. ट्रकच्या कर्जासाठी माझ्यासमोर तासन्‌तास बसून राहिलेला हा गृहस्थ आता राजकारणात बऱ्यापैकी रुळला आहे. ख्यालीखुशाली झाली आणि तो म्हणाला, "साहेब, तुमचा बायोडेटा पाठवून द्या. एका महामंडळावर सदस्य नेमायचे आहेत. बँकेतला माणूस, शिवाय लेखक. तुमच्यासारखं नाव असलं तर यादीला शोभा येते."

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. बँकेत छत्तीस वर्षे काढली, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण कोणी आपणहून 'या' म्हणाले असे फारसे घडले नव्हते. मी बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "अहो, पण त्या महामंडळाचं काम काय असतं हो?"

मी तोंड उघडले आणि मिटले. मला सांगता येईना. ते कोणाच्या 'विकासा'साठी आहे, हे नावावरून कळत होते. पण वर्षभरात ते करते काय, पैसा कुठून येतो, कुठे जातो, शेवटचा ताळेबंद कधीचा, यातले मला काही ठाऊक नव्हते. आणि तरीही बायोडेट्याला कोणता फोटो लावावा, याचा विचार मात्र डोक्यात सुरू झाला होता!

वीस टक्क्यांची गोष्ट

ती दुपार माझी झोपेविना गेली. आठवत राहिली ती एक पिठाची गिरणी.

नव्वदच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दुर्बल घटकांसाठी काढलेल्या महामंडळांची बीजभांडवल योजना तेव्हा आमच्याकडे नेहमीची. तिचे गणित सोपे होते. पंचाहत्तर टक्के कर्ज बँकेने द्यायचे, वीस टक्के महामंडळाने आणि पाच टक्के अर्जदाराने स्वतः घालायचे. जवळच्या खेड्यातल्या एका विधवा बाईने गिरणीसाठी अर्ज केला. प्रकल्प साठ हजारांचा. आमचे पंचेचाळीस, महामंडळाचे बारा, तिचे तीन. गावात गिरणी नव्हती, दळणासाठी बायका डोक्यावर डबे घेऊन दीड कोस चालत. मी स्वतः जाऊन जागा पाहिली, विजेच्या जोडणीची चौकशी केली आणि आमच्या हिश्शाचे कर्ज मंजूर केले. बाईने आपले तीन हजार खात्यात आणून भरले.

राहिले बारा हजार. ते येईनात.

मधल्या काळात सरकार बदलले होते. जुने संचालक मंडळ गेले आणि नवे नेमले जात नव्हते, कारण कोणत्या पक्षाला, कोणत्या गटाला कोणते महामंडळ द्यायचे हे ठरत नव्हते. जिल्हा कार्यालयातला भला माणूस दर वेळी तेच सांगे, "साहेब, यादी वर गेली आहे. वर कोणी सही करायला तयार नाही. मंडळ आलं की होईल." मंडळ आले, नव्या अध्यक्षांचे जिल्ह्याजिल्ह्यांत सत्कार झाले, आमच्या गावातही कमान उभी राहिली. रक्कम आली ती अर्जानंतर चौदा महिन्यांनी.

तोवर त्याच गावात एका बागाईतदाराने स्वतःच्या पैशांनी गिरणी घातली होती. नियमाप्रमाणे मी पुन्हा पाहणी केली. दोन गिरण्या चालतील एवढी त्या गावाची वस्ती नव्हती. मी फायलीवर 'प्रकल्प आता व्यवहार्य नाही' असा शेरा मारला आणि सही केली. बाई तीन हजार परत न्यायला आली तेव्हा काउंटरवर उभी राहून एवढेच म्हणाली, "साहेब, माझं काय चुकलं होतं?"

तिचे काहीच चुकले नव्हते. माझे चुकले होते का, हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळला. एवढ्या छोट्या कर्जासाठी शाखाधिकाऱ्याला काही अधिकार असतात. महामंडळाची वाट न पाहता मी जबाबदारी घेऊ शकलो असतो. पण उद्या तपासणी झाली तर काय, या भीतीने मीही वरच्या सहीची वाट पाहत बसलो. रिकाम्या खुर्चीच्या आड लपायला सगळ्यांनाच आवडते, बँकेतल्या साहेबांनासुद्धा.

खुर्च्या आल्या कुठून?

ही महामंडळे निघाली ती काही राजकारण्यांच्या सोयीसाठी नव्हे. कल्पना चांगली होती. सरकारी खात्याच्या चाकोरीतून कामे होत नाहीत, तेव्हा सरकारचे भांडवल आणि व्यापारी संस्थेची मोकळीक यांची सांगड घालावी, असा विचार होता. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली आणि नंतर १९५० च्या कायद्याने राज्यांना परिवहन महामंडळे काढण्याची वाट मिळाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७६ साली बियाणे महामंडळ, म्हणजे आपले 'महाबीज', अकोल्यात सुरू झाले. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघाले.

सिडकोचा आरंभ जरा मुद्दाम आठवण्यासारखा आहे. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही योजना १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी. सिडको निघाली तेव्हा कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले, शिरीष पटेल यांच्याकडे नियोजन आणि बांधकामाची जबाबदारी आली, आणि व्यवस्थापकीय संचालक होते जे. बी. डिसूझा यांच्यासारखे सनदी अधिकारी. ज्यांनी प्रश्नाचा अभ्यास केला त्यांनाच उत्तर शोधायला बसवले. नेमणूक सरकारनेच केली होती. मात्र आधी काम ठरले आणि मग माणूस शोधला गेला. पुढे हा क्रम उलटा झाला. आधी माणूस ठरू लागला आणि मग त्याच्या मापाचे महामंडळ शोधले जाऊ लागले.

त्याला एक कारण घटनेतही सापडते, आणि तेही एका चांगल्या सुधारणेच्या पोटी जन्मलेले. १९९७ साली उत्तर प्रदेशात मंत्र्यांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली होती. अशा जंबो मंत्रिमंडळांना आळा घालण्यासाठी २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या पंधरा टक्क्यांहून अधिक मंत्री नेमण्यास बंदी केली. आपल्या विधानसभेत २८८ जागा. म्हणजे मुख्यमंत्री धरून फार तर ४३ मंत्री. आघाड्यांच्या राज्यात इच्छुक मात्र याच्या दुप्पट-तिप्पट. उरलेल्यांची समजूत घालायची कशी? मंत्रिमंडळाचे दार अरुंद झाले आणि महामंडळांच्या खिडक्या आपोआप रुंद झाल्या. 'मंत्रिपदाचा दर्जा' हा शब्दप्रयोग कानांवर येतो तो इथूनच. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, पण दर्जाची ओढ काही उतरली नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागायला महिनाही उरला नसताना, मंत्रिपदाची दीर्घकाळ प्रतीक्षा करणारे भरत गोगावले एसटी महामंडळाचे अध्यक्ष झाले आणि संजय शिरसाट सिडकोचे. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात दोघांनीही मंत्रिपदाची शपथ घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एसटीचे अध्यक्षपद सनदी अधिकाऱ्याकडे गेले. या दोघांच्या कर्तबगारीबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा प्रश्न एसटीचा आहे. गाड्यांची खरेदी, डेपोंची दुरुस्ती, कर्मचाऱ्यांची थकबाकी असे वर्षानुवर्षांचे प्रश्न ज्या संस्थेपुढे आहेत, तिला अर्ध्या वर्षात नवा अध्यक्ष, आणखी नवा अध्यक्ष, हे कसे परवडावे? एखाद्या शाखेत सहा महिन्यांत तीन साहेब बदलले तर शिपाईसुद्धा काम थांबवून चौथ्याची वाट पाहतो.

लाभ म्हणजे काय?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. आमदार-खासदाराने सरकारकडून 'लाभाचे पद' घेऊ नये, असे घटनेची १०२ आणि १९१ ही कलमे सांगतात. जया बच्चन उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या म्हणून २००६ साली त्यांची खासदारकी गेली. आपण पैसा घेतला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्यक्ष किती घेतले हे महत्त्वाचे नाही, त्या पदातून आर्थिक लाभ मिळू शकतो की नाही हे महत्त्वाचे. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला. मग संसदेने काय केले? कितीतरी पदांना त्या नियमातून वगळणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि त्यांना सही करावी लागली. विधिमंडळांनाही अशी सूट देण्याचा अधिकार घटनेनेच दिला आहे. कुंपण आहे, पण त्याच्या फाटकाची किल्ली शेतात शिरू पाहणाऱ्याच्याच कमरेला!

राजकारणी नकोतच काय?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग राजकारण्यांना बाहेर काढा आणि सगळे अधिकाऱ्यांच्या हाती द्या. मला ते पटत नाही. माझ्या गिरणीची फाईल अडली ती राजकारणी बसले म्हणून नव्हे, कोणीच बसले नव्हते म्हणून. आणि कोणी बसले नव्हते तेव्हा अधिकारी सही करीत नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणारा कार्यकर्ता पुष्कळदा असे प्रश्न जाणतो, जे मंत्रालयातल्या टिपणीत कधी उतरत नाहीत. लोकांनी निवडलेल्या सरकारने आपल्या विश्वासातली माणसे नेमावीत, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो नेमल्यावर त्यांना काय विचारले जाते, हा.

बँकेत आम्हाला याची थोडी चव मिळाली होती. राष्ट्रीयीकृत बँकांच्या संचालक मंडळावर एक कामगारांचा आणि एक अधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, अशी कायद्यातच तरतूद होती. ही पदे पुढे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. तिथेही धडा तोच. नुसती तरतूद पुरत नाही. रिकामी खुर्ची कधी भरायची याची मुदत नसेल, तर ती कोणाच्या तरी सोयीनेच भरते किंवा सोयीनेच रिकामी राहते. केंद्राच्या उपक्रमांतील वरिष्ठ पदांसाठी १९७४ पासून निवड मंडळ आहे, सरकारी बँकांसाठी २०१६ साली बँक्स बोर्ड ब्यूरो आले आणि २०२२ मध्ये त्याची जागा नव्या संस्थेने घेतली. त्यांनी सगळे सुतासारखे सरळ झाले असे नाही. पण निदान पद जाहीर होते, पात्रता छापली जाते, उमेदवारांना कोणीतरी समोर बसवून चार प्रश्न विचारते. आपल्या महामंडळांच्या अशासकीय सदस्यांना कोण काय विचारते?

माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला तीन साध्या गोष्टी सुचतात. एक, नवे सरकार आल्यावर ठरावीक महिन्यांत मंडळ नेमलेच पाहिजे, आणि नेमेपर्यंत लाभार्थींच्या फायलींवर सही कोणी करायची हे आधीच लिहून ठेवलेले असावे. दोन, नेमलेल्या माणसाला ठरलेली मुदत मिळावी, म्हणजे पुढच्या शपथविधीकडे डोळे लावून तो बसणार नाही. तीन, आणि सर्वांत महत्त्वाची. सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, असे कंपनी कायदाच सांगतो. तरीही हिशेब वर्षानुवर्षे थकल्याची तक्रार 'कॅग'ला पुन्हा पुन्हा करावी लागते. ज्या महामंडळाचे हिशेब पूर्ण नाहीत, त्याच्या अध्यक्षाचा पहिला सत्कार हिशेब मांडल्यानंतरच व्हावा. हार-तुरे काही नासत नाहीत, थोडे थांबतील.

दुसऱ्या दिवशी मी त्या मित्राला फोन केला. म्हटले, "बायोडेटा तयार आहे. फक्त एक कर. त्या महामंडळाचा शेवटचा ताळेबंद आणि किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत त्याची यादी, एवढं मला पाठव. वाचून होकार कळवतो."

तो मनापासून हसला. "साहेब, तुम्ही अजून बँकेतच आहात!" म्हणाला. "बघतो, पाठवतो."

यादी आली नाही, आणि पुन्हा फोनही आला नाही. बायकोने मध्ये एकदा विचारले, "काय झालं हो तुमच्या महामंडळाचं?" मी म्हटले, "काम काय असतं ते विचारत होतो, अजून उत्तर आलेलं नाही."

त्या गिरणीच्या बाईला बहुधा नातवंडे असतील आता. ती कधी भेटली, तर तिच्या प्रश्नाचे उत्तर मी देईन. बाई, तुमचे काही चुकले नव्हते. आम्ही सगळे खुर्चीत कोण बसते ते पाहत होतो, समोर कोण उभे आहे ते पाहायचे राहून गेले.