सुदैवाचे जोडे

मागितलेली प्रत्येक गोष्ट तत्क्षणीं मिळाली, तर मनुष्य सुखी होईल काय? डेन्मार्कचे कथाकार हॅन्स अँडरसन यांच्या 'सुदैवाचे जोडे' या १८३८ सालच्या अद्भुतकथेंत हाच प्रश्न आहे. कोपनहेगनचा एक विद्यार्थी ते जोडे घालून प्रवासाची इच्छा करतो आणि निमिषांत स्वित्झर्लंडांत पोंचतो. पण गाडींत दाटी, पाय सुजलेले, पैशांची धास्ती! इटलींत डांस आणि भिकारी. देह विसावावा, आत्मा तेवढा फिरावा, असें म्हणतांच त्याला मृत्यु गांठतो. जोडे काढून त्याला जिवंत करते ती दुःखदेवता. अँडरसन स्वतः हौशी प्रवासी. तेव्हां ही प्रवासाची निंदा नव्हे. सुदैव इच्छित स्थळीं पोंचवितें. समाधान मात्र प्रवाशाला घरूनच न्यावें लागतें.